दुखणे अंगाचे की मनाचे?

आमच्या आईला दिवसाउजेडी स्वस्थ बसलेले आम्ही लहानपणी क्वचितच पाहिले. पहाटेची मिस्सा, तेथून परतताना पनवेलच्या बाजारात कोळणींशी दोन शब्द आणि थोडी घासाघीस, मग चूल, धुणे, शेजारणींची विचारपूस आणि संध्याकाळी घरातील सर्वांना गोळा करून जपमाळेची प्रार्थना, असा तिचा दिनक्रम. वडील गेल्यावरही त्यात खंड पडला नाही. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा अर्थ आम्हां तिघा भावंडांना लागला नाही. आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याला दोष देऊन मोकळे होण्याची जी मनुष्याची जुनी खोड आहे, तिच्या आहारी आम्हीही गेलो. आज आम्ही तिघे एकत्र बसून हे लिहीत आहोत, ते एका अर्थी त्या दोषाची कबुली म्हणूनच.

2006 सालचा पावसाळा ओसरत आला होता. आईला एकाएकी हुडहुडी भरून ताप आला. ताप तीनच दिवस टिकला. परंतु जाताना तिच्या मनगटांत, घोट्यांत आणि बोटांच्या पेरांत बिऱ्हाड थाटून गेला. त्या वर्षी महाराष्ट्रात घरोघरी हेच चालले होते. चिकुनगुनिया हे चमत्कारिक नाव तेव्हा प्रथमच आमच्या कानांवर पडले. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतला असून, वाकवून टाकणारा असा त्याचा भाव आहे. त्या भागात 1952 साली ही साथ प्रथम ओळखली गेली. भारतात ती 1963 साली कलकत्त्यात आणि 1973 साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत येऊन गेली होती. मग तीन दशकांहून अधिक काळ ती दिसेनाशी झाली आणि 2005-06 मध्ये पुन्हा अवतरली. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा आणि दिवसाढवळ्या चावणारा एडिस डास तिचा वाहक. नळाला पाणी येईल न येईल या धास्तीने आमच्या मोरीत भरून ठेवलेली पिंपे त्याला आयतीच सापडली असावीत.

शेजारीपाजारी महिना-दोन महिन्यांत हिंडूफिरू लागले. आई मात्र सावरली नाही. नाताळ आला तरी सकाळी तिची मूठ वळत नव्हती. पण त्याहून आम्हांला बोचले ते दुसरेच. तिचे बोलणे कमी झाले. जेवणाची चव गेली. रात्री दोनला जाग येई आणि मग ती छताकडे पाहत पडून राही. नाताळच्या फराळाचे कोणी नाव काढले, तर "तुम्हांला हवं ते आणा," एवढेच म्हणे. मिस्सेला जाणे थांबले आणि एके दिवशी आमच्या ध्यानात आले की, संध्याकाळची जपमाळही थांबली आहे.

त्या वेळी आम्ही काय केले? आम्ही तिला उपदेश केला. "आई, तूच आम्हांला शिकवलंस ना, देवावर भार टाकायचा म्हणून? मग असं मन का सोडतेस?" असे थोरल्याने म्हटले. "घरात बसून बसून माणूस असाच होतो, जरा बाहेर पड," असे मधलीने सुचवले. धाकट्याने तर, "आम्ही एवढं करतो तरी तुझ्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही," असे चारचौघांत सुनावले. आत्या भेटायला आल्या, त्यांनीही वहिनींची श्रद्धा डळमळली आहे असे सूचित केले. आई कोणालाच उत्तर देत नसे. एका रात्री मात्र मधली तिचे पाय चेपीत असता ती शांतपणे म्हणाली, "पोरी, आज डोळा लागला तर पुन्हा उघडूच नये, असं वाटतं गं."

त्या वाक्याने आमची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या एका फादरांना घरी बोलावले. मनात अपेक्षा ही की, ते तिला चार शब्द सांगतील. फादर आले, तिच्या खाटेजवळ बसले, तिने दिलेला चहा हळूहळू प्याले आणि उपदेश असा काहीच केला नाही. निघताना दारात आम्हांला म्हणाले, "एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूत आला. त्याने एलीयाच्या श्रद्धेची चौकशी केली का? त्याने त्याला स्पर्श केला, भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. आईंना डॉक्टरांकडे न्या."

आम्ही नेले. ते डॉक्टर वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी आईला तिच्या मनाविषयी काही विचारण्यापूर्वी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हटले, "आजी, मूठ मिटा बघू." मूठ अर्ध्यावरच थांबली. "सकाळी किती वेळ असं राहतं?" "दहा-अकरा वाजेपर्यंत." "मग या हातांनी काय काय करता येत नाही?" आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "जपमाळेचे मणी धरवत नाहीत, डॉक्टर. बोटांतून निसटतात. म्हणून सोडली."

आम्ही तिघेही तेथेच उभे होतो. ज्याला आम्ही श्रद्धेचा ओसर मानले, ते पेरांतील सुजेचे दुखणे होते. आणि गेल्या चार महिन्यांत ती का थांबली, हे आम्हांपैकी एकानेही तिला विचारले नव्हते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. अंगात दाह असला की यकृतातून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन नावाचे एक द्रव्य अधिक प्रमाणात रक्तात उतरते. आईच्या रक्तात ते बरेच वाढलेले होते. डॉक्टरांनी सांधेदुखीचे औषध दिले, बोटांचे व्यायाम दिले आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यासही सांगितले. "अंगाचं वेगळं आणि मनाचं वेगळं, असं समजू नका. घर एकच आहे. आग स्वयंपाकघरात लागली तरी धूर माजघरात येतोच." हे त्यांचे शब्द आम्ही विसरलेलो नाही.

पुढे या धुराविषयी जे जे वाचायला मिळाले ते आम्ही वाचीत गेलो. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदविली आहेत: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. दाह हा मुळात शत्रू नव्हे. जंतूंशी लढण्याची ती शरीराची रीत आहे. या लढाईत संरक्षक पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. ते निरोप रक्तावाटे आणि काही मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतात. मेंदूतही मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा यांनी 1919 साली त्यांचे वर्णन केले. निरोप पोहोचला की त्या जाग्या होतात आणि मग प्राणी कोपऱ्यात जाऊन पडतो, खाणे सोडतो, सोबत टाळतो. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने 1988 साली दाखवून दिले की, आजारी जनावराचे हे मलूल पडणे म्हणजे दुबळेपणा नसून शक्ती राखून ठेवण्याची निसर्गाची योजना आहे. प्रश्न एवढाच की, लढाई संपल्यावरही निरोप थांबले नाहीत तर काय? आईचे नेमके तेच झाले नसेल ना, असे आम्हांला वाटते.

याचा एक ठळक पुरावा औषधांनीच दिला. यकृताच्या हेपॅटायटिस सी या विकारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. इंटरफेरॉन हाही अशाच निरोपांपैकी एक. ती घेणाऱ्यांपैकी अनेकांना, ज्यांच्या मनाची तक्रार पूर्वी कधी नव्हती त्यांनाही, काही आठवड्यांत गाढ खिन्नतेने घेरले. त्याचे एक कारण असे सांगतात की, अन्नातील ज्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन तयार होते, ते दाहाच्या काळात दुसऱ्याच वाटेला वळविले जाते. इंग्लंडमध्ये लहानपणापासून पाहणीखाली असलेल्या मुलांच्या अभ्यासात, नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 अधिक होते, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्य अधिक आढळले. हा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. चिकुनगुनियाचा तर रियुनियन या हिंदी महासागरातील बेटावर 2005-06 मध्ये सुमारे एकतृतीयांश लोकसंख्येला संसर्ग झाला होता, आणि पुढेही तेथील अनेक रुग्णांनी सांधेदुखीबरोबरच थकवा, विसराळूपणा आणि उदासपणा यांची तक्रार केली.

दुसरे एक उदाहरण आपल्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. एखादी तरुण मुलगी अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागते, झटके येतात, अंग ताठरते. अशा मुलींना भूतबाधा झाली म्हणून कोठे कोठे नेतात, हे आपण जाणतो. अशा काही रुग्णांत शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूतील एका ग्राहीवर हल्ला करीत असते, हे डॉ. जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली सिद्ध केले. वेळीच स्टिरॉइडसारखे दाहशामक उपचार मिळाले तर त्यांतील बहुसंख्य बऱ्या होतात.

आपल्याकडील जुन्या वैद्यांना हे नाते अगदीच अपरिचित नव्हते, असे म्हणता येईल. आमचे पनवेल तर आयुर्वेदाचे गाव. धूतपापेश्वरचा औषधी कारखाना येथे 1872 सालापासूनचा. त्या परंपरेचा आधारग्रंथ जी चरकसंहिता, तिने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. विषाद रोग वाढवितो हे तिने सांगितले. रोगही विषाद वाढवितो, याची यंत्रणा आजचे शास्त्र उलगडीत आहे.

परंतु येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिलाच पाहिजे. प्रत्येक नैराश्यामागे दाह असतोच असे नाही. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोकांच्याच रक्तात दाहाची ही खूण स्पष्टपणे वाढलेली आढळते. अमेरिकेतील अटलांटा येथे 60 रुग्णांवर दाहशामक इन्फ्लिक्सिमॅबचा प्रयोग झाला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार सर्वांचा एकत्र विचार करता लाभ दिसला नाही. ज्यांच्यात दाह मुळातच अधिक होता, त्यांच्यातच तो दिसला. मिनोसायक्लिन या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, पण 2022 सालच्या जर्मनीतील चाचणीत ते निष्प्रभ ठरले. शोक, एकाकीपणा, कर्जाचा बोजा, घरातील मारहाण यांनीही मन मोडते, आणि त्यावर गोळी हा एकमेव उपाय नव्हे. म्हणून कोणी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून मन हलके करण्याच्या फंदात पडू नये. त्या जठराला आणि मूत्रपिंडांना अपाय करतात, आणि स्टिरॉइडने तर काहींचे मन उलट अधिकच बिघडते.

आई बरी झाली ती चमत्काराने नव्हे, हळूहळू झाली. सांध्यांचे औषध, मनाचे औषध, गरम पाण्यात रोज बोटे हलविण्याचा व्यायाम आणि संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठी आम्हांपैकी एकाबरोबर फेरी, असे वर्ष गेले. यांपैकी कशाने किती गुण आला, हे आम्ही सांगू शकणार नाही. पुढच्या नाताळला तिने करंज्यांच्या कडा स्वतः दुमडल्या. त्या पूर्वीइतक्या नीटस नव्हत्या, पण त्या ताटाकडे पाहताना आमच्या डोळ्यांत पाणी आले.

जपमाळेसाठी मधलीने मोठ्या लाकडी मण्यांची माळ आणली होती. ती हाती घेत आई म्हणाली, "मी प्रार्थना सोडली नव्हती रे. मणी सोडले होते." एवढ्यावर तिने तो विषय संपविला, आम्हांला रागावली नाही. आम्हीच त्या वाक्यापाशी अजून थबकतो.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात आजही एखाद्या घरी असे कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेले असेल. त्याच्या श्रद्धेचे मोजमाप करण्यापूर्वी त्याचा हात हाती घ्यावा, कोठे दुखते ते विचारावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा कोणी केली तर तासभरही थांबू नये. शासनाची टेली-मानस सेवा 2022 सालापासून 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. प्रार्थना अवश्य करावी, पण खाटेजवळ बसून, त्याच्यासमवेत करावी. आम्हांला हे कळायला चार महिने लागले. आपल्याला तेवढे लागू नयेत.