पोकळ दार आणि पाच किलोचा आरसा

फ्लश डोअर हा बांधकामातला सभ्य फसवाफसवीचा प्रकार आहे. वरून सनमायका, हाताला गुळगुळीत, दिसायला भक्कम. आत मात्र बऱ्याचदा फक्त कडेने लाकडी चौकट, मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागद किंवा विरळ पट्ट्या, आणि बाकी सगळी हवा. भारतीय मानकांतही हे दोन प्रकार वेगळे आहेत: पोकळ गाभ्याच्या दाराला आयएस २१९१, भरीव गाभ्याच्या दाराला आयएस २२०२. आपल्या घरात कुठलं बसवलंय हे सहसा कुणी सांगत नाही. बोटाने टकटक करून आपणच ओळखायचं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ताईचा जळगावचा नवा फ्लॅट. तिला बेडरूमच्या दाराला आतून उभा आरसा हवा होता. मागणी रास्तच. साडीच्या निऱ्या नीट आल्या की नाही हे बेसिनवरच्या आरशात कसं दिसणार? आमच्या धुळ्याच्या जुन्या घरात हा प्रश्नच नव्हता. दारं सागवानी, एकट्याने उचलणार नाहीत अशी. खिळा कुठेही ठोका, आरसा वर्षानुवर्षं हलायचा नाही. ताईच्या डोक्यात अजून तेच दार होतं. "त्यात काय रे, दोन स्क्रू मार अन् हो मोकळा!"

पण त्या दारापाशी चार वर्षांची भाची दिवसभर खेळते. शिवाय उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की त्याच्या झोताने दारं धाडधाड आपटतात. म्हटलं, ताई, आधी हिशोब करू.

४ मिमी जाडीची काच एका चौरस मीटरला साधारण १० किलो भरते. म्हणजे १ फूट बाय ४ फूट आरसा पावणेचार किलो, फ्रेम धरून पाच. वजन फार नाही. गोम वेगळीच आहे. दाराची वरची प्लाय जेमतेम ३-४ मिमीची. स्क्रूचे एक-दोन आटेच तिच्यात धरतात. प्रत्येक आपटीला आरसा बाहेरच्या बाजूला झटका देतो आणि भोक थोडं थोडं मोठं होत जातं. पडतो तो एका दिवसात नाही, सहा महिन्यांनी, कुणाचं लक्ष नसताना.

भिंतीत वापरतो ती प्लास्टिकची गिट्टी इथे उपयोगाची नाही. तिला फुगून घट्ट बसायला चहूबाजूंनी भरीव माल लागतो, इथे तर मागे पोकळी. आत गेल्यावर छत्रीसारखा उघडणारा अँकर चालतो, पण त्याचाही भार शेवटी त्याच पातळ प्लायवर. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप? जळगावचा मे महिना ४४-४५ अंशांचा. त्या उन्हाळ्यात टेपच्या भरवशावर काच सोडायची माझी तरी तयारी नव्हती.

मग उपाय काय? लाकूड जिथे आहे तिथे जायचं. दाराच्या दोन्ही उभ्या कडांना लाकूड असतंच. टकटक करत गेलं की आवाज "ढब ढब"वरून "टक टक" होतो, तीच हद्द. खात्री करायला आरशामागे झाकलं जाईल अशा जागी बारीक ड्रिल मारून बघायचं. आपला आरसा नेमका मधल्या पोकळीवर येतो, म्हणून १२ मिमी प्लायच्या दोन आडव्या पट्ट्या घ्यायच्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि दोन्ही टोकं त्या लाकडात स्क्रूने आवळायची. दार ३० मिमी जाड असेल तर ३५ मिमीचा स्क्रू पुरतो, पलीकडे बाहेर येत नाही. मग आरशाची फ्रेम या पट्ट्यांवर. खालच्या पट्टीवर आधाराच्या क्लिपा, म्हणजे वजन खालून पेललं जातं आणि वरच्या स्क्रूंना फक्त आरसा पुढे झुकू न देण्याचं काम राहतं.

आणखी तीन गोष्टी. आरशाच्या पाठीला सेफ्टी फिल्म लावून घ्या, काच फुटली तरी तुकडे बरेचसे चिकटून राहतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागे लावू नका, त्यातल्या आम्लाने पाठीचा थर खराब होतो. आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून दारामागे रबरी स्टॉपर बसवा.

आमच्या धंद्यात लोड टेस्टशिवाय काही लाइव्ह जात नाही. म्हणून आरसा लावण्याआधी पट्टीला दहा किलो ज्वारीची पिशवी रात्रभर टांगली आणि सकाळी दार दहा-बारा वेळा जोरात आपटलं. ताई म्हणाली, "शेजारचे म्हणतील, घरात भांडण चाललंय!" पट्टी हलली नाही, मगच आरसा चढवला.

तुमच्याकडे दाराला आरसा असेल तर आज एकदा टकटक करून बघा. ढब ढब आवाज आला आणि मागे नुसतेच दोन स्क्रू असले, तर रविवार कसा घालवायचा हे ठरलंच म्हणून समजा :-)