भांडणाची प्रार्थना

लेकाचा दमा उसळला की रात्रभर त्याच्या पाठीवर हात फिरवत बसायचं. अशा वेळी मला सांत्वनाची वचनं नको होतात. मंडळीतल्या बायका प्रेमानंच म्हणतात, "प्रभूची काही योजना असेल गं." असेलही. पण पोराचा श्वास अडकलेला असताना योजना कुणाला सुचते? त्यापेक्षा स्तोत्र ८८ बरं. सगळी तक्रार, आणि शेवटही अंधारातच. आशेची ओळ जोडायची घाई नाही. तरी ते बायबलमध्ये आहे, आणि बोलणं देवाशीच आहे. मला तेवढं पुरतं.

हल्ली पंडिता रमाबाई फार आठवतात. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. तीच पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई गेल्या १९२२ च्या एप्रिलमध्ये. मधल्या महिन्यांत त्या देवाशी भांडल्या असतील? मला वाटतं, असाव्यात. (पुतळ्यातल्या रमाबाई भांडत नाहीत, म्हणून मला पुतळे आवडत नाहीत.)

तुमच्या मंडळीत एखादीचं मूल आजारी असेल, तर वचन नंतर सांगा. आधी तिच्या जागी दोन तास बसा, तिला झोपू द्या.