ध्वनिमुद्रिकेचा वाचक

आस्वादाची मीमांसा करताना मराठी समीक्षेने आस्वादाच्या क्षणाला जेवढे महत्त्व दिले, तेवढे त्या क्षणापूर्वीच्या धडपडीला दिलेले नाही. कविता वाचकाच्या हाती आहे, राग श्रोत्याच्या कानी पडतो आहे, हे गृहीत धरूनच सौंदर्यविचाराला आरंभ होतो. ती कविता कोणत्या रद्दीतून वर आली, तो राग ऐकण्यासाठी श्रोता कुठे कुठे हिंडला, हे प्रश्न चरित्राचे किंवा हौसेचे मानून बाजूला ठेवले जातात. ध्वनिमुद्रिका धुंडाळणाऱ्या माणसाला 'छांदिष्ट' म्हणण्यात जे कौतुक आहे, त्यात थोडी उपेक्षाही मिसळलेली असते. गाणे समजणे वेगळे आणि तबकड्या जमवणे वेगळे, असा त्याचा अर्थ. हा भेद अगदीच निराधार नाही. पण तो वाटतो तितका सरळही नाही. शोधण्याची आणि नवे काही सापडल्यावर हरखून जाण्याची वृत्ती हीच कधी कधी समीक्षेची पहिली पायरी असते. एका श्रोत्याच्या उदाहरणावरून हे पाहता येईल.

या श्रोत्याचे बालपण मिरजेत गेले आणि नोकरीची सारी वर्षे पुण्यात, एका बँकेत. आज त्याने सत्तरी ओलांडली आहे. तो गात नाही. कोणतेही वाद्य त्याने हाती घेतलेले नाही. तरुणपणापासून त्याचा रविवार मात्र जुन्या बाजारात जाई. गंजलेली कुलुपे, सायकलींचे सुटे भाग आणि फुटक्या चिनी बरण्या यांच्यामध्ये तबकड्यांची चळत असली की तो तिथेच उकिडवा बसे. वरच्या कागदी चकतीचा रंग, त्याभोवती कोरलेला क्रमांक, उन्हात तिरपी धरली असता दिसणारी रेघांची झीज, एवढ्यावरून आत काय असेल याचा तो अंदाज बांधी. घरी आल्यावर ओल्या मऊ फडक्याने तबकडी पुसून, वाळवून, सुई टेकवीपर्यंत त्याला जेवण सुचत नसे. गाणे ओळखीच्या गायिकेचे निघाले तर आनंद, अनोळखी निघाले तर अधिक आनंद. पाहुण्याला चहा मिळण्यापूर्वी नवी तबकडी ऐकावी लागते, ही त्याच्या घरची रीत आप्तांना ठाऊक आहे.

येथे 'नवी' हा शब्द तपासून घेणे इष्ट ठरेल. चित्रपटगीतांच्या श्रोत्याला नवे गाणे म्हणजे नवे शब्द आणि नवी चाल. ख्यालाच्या श्रोत्याची स्थिती निराळी असते. यमन तोच, बंदिशही पुष्कळदा तीच. शे-दीडशे वर्षे अनेक कंठांतून गेलेली. तरीही १९१० च्या सुमाराची झीज झालेली तबकडी हाती आली की हा श्रोता 'नवे गाणे मिळाले' असेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. ही नवता कालक्रमातली नाही. जी आधीच्या ऐकण्याने बांधलेली अपेक्षा मोडते ती नवी. साहित्यविचारात याउस याने 'अपेक्षांचे क्षितिज' या नावाने जी कल्पना मांडली, तिचा प्रत्यय त्याला तिचे नावही ठाऊक नसताना जुन्या बाजारात येत असे. ज्याला क्षितिज नाही त्याला काही नवे सापडूही शकत नाही. म्हणून शोधाचा उत्साह हा निव्वळ अधीरपणा नव्हे. तो आधी खूप ऐकलेल्या माणसालाच परवडतो.

ध्वनिमुद्रिकेने या श्रोत्याला काय दिले, याचा विचार केला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. फ्रेड गायझबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि गौहर जानचे गाणे मुद्रित झाले. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार व्हायच्या. तेथील कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत. तासभर चालणारा ख्याल या मापात बसवायचा म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय गायकाला घ्यावा लागे. मैफलीत जे प्रवाही होते त्याला आरंभ, मध्य आणि अंत मिळाला. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ख्यालाला प्रथमच 'संहिता' लाभली.

वाल्टर बेंजामिन याने १९३० नंतरच्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाची मीमांसा करताना, कलाकृतीभोवतीचे तेजोवलय अशा पुनरुत्पादनाने क्षीण होते असे प्रतिपादन केले. जिथे मूळ कृती एका जागी स्थिर उभी आहे अशा चित्रशिल्पांच्या बाबतीत ते पटण्याजोगे आहे. परंतु ख्यालाला स्थिर मूळच नव्हते. उद्याची मैफल आजच्या मैफलीची प्रत नसते. अशा परंपरेत यंत्राने जी प्रत निर्माण केली तीच मूळ ठरली. तिच्याकडे पुन्हा जाता येऊ लागले, पडताळा पाहता येऊ लागला, पहिल्या वेळी निसटलेले दुसऱ्या वेळी धरता येऊ लागले. मैफलीतला श्रोता सहभागी असतो. त्याची दाद गाण्यात मिसळते. तबकडी ऐकणाऱ्याची दाद कोणाला ऐकू जात नाही. तो एकटा असतो, आणि त्याला थांबता येते, मागे जाता येते. अर्थात तो वाचक असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी तबकडी या श्रोत्याने महिनाभर रोज ऐकली, ती केवळ एका षड्जावर स्वर टेकण्यापूर्वी कुठे रेंगाळतो हे पाहण्यासाठी. भीमसेन जोशी यांनी लहानपणी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तबकडी गायक घडवू शकते, तशी ती वाचकही घडवू शकते.

नव्या शोधाने जुने ऐकणे कसे बदलते, याचा अनुभव या श्रोत्याला बाई सुंदराबाईंच्या निमित्ताने आला. बालगंधर्वांची पदे त्याच्या घरात पूर्वीपासून होती. वडिलांना ती प्रिय होती, आणि 'एकच प्याला'तील पदे त्याला पाठ होती. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील पदांच्या चालींच्या मागे सुंदराबाई जाधव आहेत, हे त्याने वाचले होते. पण वाचणे आणि ऐकणे यांत अंतर असते. चाळिशीत असताना त्याला त्यांची एक तबकडी मिळाली. मोकळा, किंचित धारदार आवाज. शब्द स्पष्ट, आणि स्वर लावतानाच त्याला हलकेच मुरड घालण्याची लकब. त्या रात्री त्याने बालगंधर्वांची पदे पुन्हा काढली. ती बदललेली होती. आजवर जी मुरड त्याला बालगंधर्वांचीच, स्वयंभू वाटत आली होती, तिच्या मागे आता ठुमरी-दादऱ्याची बैठक दिसू लागली. बालगंधर्व यामुळे लहान झाले नाहीत; उलट, त्यांनी काय घेतले आणि घेतलेल्याचे काय केले हे प्रथमच नीट ऐकू आले. नवी कृती आली की आधीच्या सर्व कृतींची मांडणी किंचित बदलते, हे एलियटचे सुप्रसिद्ध विधान योगायोगाने १९१९ सालचेच आहे. एलियट कवींविषयी बोलत होता. श्रोत्याच्या बाबतीत 'नवी' कृती जुनीही असू शकते, एवढी भर त्यात घालावी लागेल.

या प्रसंगात व्यक्तिगत आनंदापलीकडचेही काही गुंतले आहे. संगीताचा जो इतिहास ग्रंथांतून आणि गुरुमुखातून येतो तो प्रायः घराण्यांचा, म्हणजे खाँसाहेबांचा आणि बुवांचा इतिहास असतो. आरंभीच्या तबकड्यांची यादी पाहिली तर चित्र पालटते. गौहर जान, जोहराबाई आग्रेवाली, अलाहाबादची जानकीबाई यांच्यासारख्या गायिका तेथे ठळकपणे दिसतात. पुष्कळ उस्तादांना यंत्रापुढे गाणे कमीपणाचे किंवा धोक्याचे वाटत असताना या स्त्रियांनी त्या कर्ण्यात तोंड घालून गाण्याचे धाडस केले. प्रतिष्ठित समाजाने ज्यांची नावे तळटीपेत ठेवली, त्यांचे आवाज लाखेच्या तबकडीने जपले. शोधक श्रोता जेव्हा अशी तबकडी उचलतो तेव्हा तो त्या इतिहासाविरुद्ध एक पुरावा उचलत असतो. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाल्यावर अशा एकेकट्या शोधांना परस्परांचा आधार मिळाला, आणि हौसेला अभ्यासाची शिस्त लाभू लागली.

मात्र तबकड्यांचा पुरावाही संपूर्ण नसतो. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज उरलेला नाही. जे मुद्रित झाले तेवढीच परंपरा, असे मानणारा संग्राहक दुसऱ्या टोकाची चूक करतो. या श्रोत्याच्या कपाटात म्हणूनच एक रिकामा खण आहे. त्यात काही ठेवायचे नाही, असा त्याचा नियम आहे.

जे मुद्रित झाले त्याचे टिकणेही कितीदा योगायोगावर अवलंबून असते! 'व्हॉयेजर' अंतराळयानांबरोबर पाठवायच्या तबकडीसाठी केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली, तेव्हा ती बाजारात मिळत नव्हती. पुष्कळ शोधाशोधीनंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, ती सापडली. याने १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली. त्याच सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. गोव्यातील केरी गावचा स्वर सूर्यमालेबाहेर गेला तो कोणीतरी टेबलाखाली वाकले म्हणून. जुन्या बाजारात उकिडव्या बसणाऱ्यांना या हकीकतीचे अप्रूप वाटते, पण आश्चर्य वाटत नाही.

१९८० नंतरच्या दशकात कॅसेट आली आणि गाणे स्वस्त झाले. पुढे जाळ्यावरून ते जवळजवळ फुकट झाले. नातवाने फोनवर सुंदराबाईंचे नाव घातले आणि ज्या तबकडीसाठी याने वीस वर्षे वाट पाहिली होती ती क्षणात वाजू लागली. त्यानंतर काही महिने या श्रोत्याने नवे काहीच ऐकले नाही. हे दुःख मालकी गेल्याचे होते, असे म्हणणे सोपे आहे; पण ते अपुरे आहे. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय, असे अभिनवगुप्त मानतो. या श्रोत्याचे अनुशीलन शोधातच घडत होते. वाट पाहणे, चुकीची तबकडी मिळणे, तिच्यातून तिसरेच नाव कळणे, हा त्याचा स्वाध्याय होता. तो एकाएकी अनावश्यक ठरला.

तथापि गतकाळाचे गोडवे गाणे येथे अप्रस्तुत होईल. ज्यांना जुन्या बाजारापर्यंत पोचण्याची सवड, पैसा किंवा मुभा नव्हती, त्या असंख्यांना आज सुंदराबाई ऐकता येतात, ही लाभाचीच गोष्ट आहे. प्रश्न उपलब्धतेचा नाही, निवडीचा आहे. यंत्र आता 'तुम्हाला हेही आवडेल' असे सुचवते आणि बहुधा ते आवडतेही, कारण ते आधी आवडलेल्याच्या जवळचे असते. क्षितिज मोडणारे जे असते ते प्रथम आवडत नाही. सुंदराबाईंचा धारदार स्वर या श्रोत्यालाही पहिल्या ऐकण्यात खुपला होता. पैसे मोजले होते म्हणून त्याने तबकडी दुसऱ्यांदा लावली. आज दुसऱ्यांदा ऐकायला भाग पाडणारे काही उरलेले नाही. ते श्रोत्याला स्वतःच्या शिस्तीने आणावे लागेल.

या श्रोत्यापुढचा पेच आता अधिक निकडीचा झाला आहे. त्याला वरच्या पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे झाले आहेत. तंबोऱ्याची जवारी त्याला आता पूर्वीसारखी उमलताना ऐकू येत नाही. मैफलीतून तो उठून येतो. १९२५ पूर्वीच्या तबकड्या मात्र त्याला अजून जवळजवळ पूर्वीइतक्याच ऐकू येतात. त्या काळच्या कर्ण्याला वरचे ध्वनी टिपताच येत नसत. जे त्या यंत्राने ऐकले नव्हते तेच आता याला ऐकू येत नाही. उरलेल्या वर्षांत नवे शोधावे की ऐकलेले पुन्हा ऐकावे, हा प्रश्न त्याला अर्थातच पडला. त्यावर त्याने काढलेला मार्ग साधा आहे. तबकड्या एका संग्रहाला द्यायच्या ठरल्या आहेत. त्यापूर्वी तो रोज एक तबकडी ऐकतो आणि वहीत एक नोंद करतो. मुलाने त्या नोंदींत क्रमांक, कंपनी यांची अपेक्षा केली होती. ते सारे तबकडीवर छापलेलेच आहे, असे त्याचे उत्तर. वहीत तो एवढेच लिहितो, की हे ऐकल्यावर कोणते दुसरे गाणे पुन्हा ऐकावेसे वाटले, आणि त्यात मागच्या वेळी काय ऐकू आले नव्हते.

ही वही प्रसिद्ध होण्याचा संभव नाही. तिची भाषा ओबडधोबड आहे, आणि सिद्धान्ताचा तिला स्पर्शही नाही. तरीही एका कृतीच्या प्रकाशात दुसरी कृती पाहणे आणि ते पाहणे इतरांसाठी नोंदवून ठेवणे, हे समीक्षेचे आद्य कार्य असेल, तर जुन्या बाजारातल्या त्या उत्साहाला केवळ छंद म्हणून बाजूला सारता येणार नाही. काल वहीत सातशे बारावी नोंद झाली. कपाटात अजून सुमारे तीनशे तबकड्या आहेत.