अचलपूरचा डास, अंकुशनगरचा हौद

डासाच्या जातीलाही जन्मगाव असतं असं म्हटलं की विद्यार्थी आधी हसतात. शहरी हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सीचं जन्मगाव म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. डास तिथे उपजला असं नव्हे, तिथल्या नमुन्यांवरून तो शास्त्राच्या दप्तरी लागला. विल्यम ग्लेन लिस्टन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला तरुण डॉक्टर तेव्हाच्या एलिचपूर छावणीत होता. 1901 साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्याचा लेख आला आणि त्यात या जातीचं वर्णन होतं. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडून तेव्हा चारच वर्षं झाली होती. रॉसला आपल्या डासाचं नावही सांगता आलं नव्हतं. 'ठिपक्या पंखांचा डास' एवढंच तो लिहू शकला. अ‍ॅनोफिलिसच्या भारतात पन्नासाहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे पंख ठिपक्यांचेच. कुणाशी लढायचं?

डास हा माश्यांच्याच गणातला, म्हणजे द्विपंखी. उडायला पंखांची एकच जोडी, दुसरीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक दांड्या. या गणात नवी जात नोंदवणं हे जंगलात जाळं घेऊन धावण्याचं काम आहे असा समज आहे. निम्मंअधिक काम खुर्चीत बसून, मान मोडेस्तोवर भिंगाखाली चालतं. मादी टाचणीवर बसवायची, सोंडेच्या दोन्ही बाजूंचे पाल्प पाहायचे. स्टीफेन्सीच्या पाल्पांवर टोकाकडे दोन रुंद पांढरे पट्टे आणि त्यामागे एक अरुंद पट्टा असतो, मधल्या काळ्या भागावर पांढरे शिंतोडे असतात. पायांवरही तसेच शिंतोडे. क्युलिसिफेसीस या खेड्यातल्या वाहकाचे पाय सरसकट काळपट, तर अ‍ॅन्युलॅरिसच्या मागच्या पायांची टोकं पांढरीशुभ्र. खवले झडलेला जुना नमुना हाती आला तर हे सगळं शास्त्र तिथेच थांबतं. म्हणून पकडलेला डास चिमटीत धरणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी दटावतो.

पण लिस्टनचं मोठेपण मला या खुणांत दिसत नाही. त्याच्या लेखाचा विषयच मुळी एलिचपुरातल्या अ‍ॅनोफिलिसच्या सवयींचा वर्षभराचा अनुभव हा होता. डास कसा दिसतो याइतकंच तो काय करतो हे त्याला महत्त्वाचं वाटलं. पुढे हाच लिस्टन मुंबईत प्लेगच्या कामात उंदीर आणि पिसवांच्या मागे लागला, तेही याच वळणाचं काम. ज्यांच्या नावाने ही जात ओळखली जाते त्या स्टीफेन्स यांनी 1922 मध्ये हिवतापाच्याच ओव्हाले या परजीवीचं वर्णन केलं, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

वर्णन एका लेखात संपत नाही. 1937 मध्ये स्वीट आणि राव यांनी म्हैसूरकडच्या स्टीफेन्सीच्या अंड्यांत फरक दाखवला. अंडं पाण्यावर तरंगतं ते दोन्ही कडांच्या हवेने भरलेल्या पिशव्यांमुळे आणि या पिशव्यांवर आडव्या वळ्या असतात. मूळ प्रकारात त्या 14 ते 22, मधल्या प्रकारात 12 ते 17, म्हैसूरकडच्या मायसोरेन्सिस प्रकारात 9 ते 15. आकडे एकमेकांत घुसतात, त्यामुळे एका अंड्यावरून निकाल देऊ नये. मादीने घातलेल्या बऱ्याच अंड्यांच्या वळ्या मोजाव्या लागतात. डोळे शिणतात, पण उपयोग रोकडा आहे: हिवताप पसरवण्यात मूळ प्रकार तरबेज, मायसोरेन्सिस कच्चा.

मुंबईतल्या हिवतापावरच्या 1911 च्या अहवालात बेंटली यांनी बोट ठेवलं ते विहिरींवर. स्वच्छ, उघडं, साठवलेलं पाणी स्टीफेन्सीला मानवतं. विहिरी बुजवायला-झाकायला पारशी समाजाने धार्मिक कारणाने हरकत घेतली आणि कीटकशास्त्र थेट समाजकारणात जाऊन पडलं.

हेच साठवलेलं पाणी आता अंकुशनगरात पाहू. अंबड तालुक्यातलं, साखर कारखान्याभोवती वाढलेलं हे ठिकाण, आजूबाजूला ऊस आणि तालुक्यातून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा. डासांच्या हिशेबाने इथे दोन प्रकारचं पाणी आहे. एक कालव्याच्या पाझराचं, ते क्युलिसिफेसीसचं. दुसरं माणसाने भरून ठेवलेलं: सिमेंटचा हौद, गच्चीवरची फुटक्या झाकणाची टाकी, गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांपुढचे ड्रम. हे दुसरं पाणी स्टीफेन्सीचं. दुष्काळी जिल्ह्यात हिवताप कसला, असं म्हणणाऱ्यांना मी हौदाशी नेतो. नळाला रोज पाणी नसलं की माणूस साठवणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, झाकण बसवून द्यायला हवं. गप्पी मासे उघड्या हौदात उत्तम काम करतात, गच्चीवरच्या टाकीत मात्र ते सोडायची कुणाची तयारी नसते.

हौदातली अळी ओळखायला भिंगही लागत नाही. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळते, तर अ‍ॅनोफिलिसची पाण्याच्या पृष्ठाला समांतर आडवी असते, कारण तिला क्युलेक्ससारखी शेपटाकडची लांब श्वासनळी नाही.

आपला हा स्टीफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि 2016 मध्ये इथिओपियात. आफ्रिकेतल्या डासांच्या जाती ओळखायच्या जुन्या तक्त्यांत तो नव्हताच, त्यामुळे भिंगाखाली आला तरी दुसऱ्याच नावाने नोंदला जाण्याचा धोका होता. तिथला हिवताप प्रामुख्याने खेड्यांचा. या डासामुळे तो शहरांतही शिरेल ही भीती होती आणि 2022 मध्ये इथिओपियातल्या डिरे दावा शहरातल्या साथीत ती खरी ठरली. तिथल्या आरोग्य खात्यांना आता साठवणीच्या टाक्या तपासाव्या लागतात. हे काम आपल्याकडचे आरोग्यसेवक घरोघरी फिरून कित्येक वर्षं करत आले आहेत, आणि त्यांचं कौतुक फारसं कुणी करत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत हौद उपसाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्या. स्टीफेन्सीची अंडी पाण्यावर तरंगतात, कोरडी पडली की फार काळ तग धरत नाहीत. डेंग्यूच्या एडिसची अंडी मात्र भिंतीला चिकटतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहूनही पाणी लागताच फुटतात. म्हणून नुसता उपसा पुरत नाही, काथ्याने भिंती घासायच्या, मग वाळवायचं. आणि दिवाळीपुरतं नव्हे, दर आठवड्याला. उन्हाच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.