नकारांची वही

"ग्रंथपालांच्या पुरस्कारांवर लिहा, पण आकडे नकोत, वाचक पान उलटतात," असं संपादकांनी फोनवर बजावलं. या विषयावर आकड्यांवाचून लिहायचं म्हणजे मिठावाचून लोणचं घालायचं. तेव्हा थोडे आकडे येतील, ते गोड मानून घ्यावेत.

गेल्या वर्षी एका पुरस्काराच्या निवड समितीवर होतो. समिती कोणती ते सांगत नाही, माणसं भली होती. आलेल्या फाइली जाडजूड: ग्रंथदिंडी, वाचन प्रेरणा दिनाची रांगोळी, पाहुण्यांच्या गळ्यात हार, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यात एक फाइल अगदीच रोड. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंची. फोटो एकही नाही. एका साध्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि सोबत दोन पानी टिपण, बस.

वहीत रकाने चार: तारीख, काय मागितलं, काय सांगितलं, कारण. काउंटरवर ज्याला ज्याला 'नाही' म्हणावं लागलं त्याची ही नोंद. 'सांख्यिकी, दुसरं वर्ष: बाहेर गेलंय.' 'बँकेच्या परीक्षेचं: घेतलेलंच नाही.' 'सेंद्रिय रसायन: संगणकावर आहे, फळीवर नाही.' महिनाअखेर बेरीज मारली तर सगळ्यात मोठा गठ्ठा या शेवटच्या कारणाचा निघाला. पुस्तकं चोरीला गेली नव्हती. परत आलेली पुस्तकं काउंटरमागे ढीग करून पडलेली असत, कारण परिचराला सकाळी ऑफिसच्या टपालासाठी पिटाळलं जाई. बाईंनी वही प्राचार्यांपुढे ठेवली. टपाल दुपारवर गेलं, पुस्तकं मधल्या सुट्टीच्या आत जागेवर लागू लागली. पुढच्या सत्रात वही पुन्हा भरली, तेव्हा तो गठ्ठा निम्म्याच्याही खाली आला होता.

इथवर समितीला सगळं पसंत होतं. पण टिपणात बाईंनी स्वतःहून एक वाक्य लिहिलं होतं: ग्रंथालयात येणाऱ्यांची रोजची नोंद घटली आहे. कारणही दिलं होतं. पूर्वी मुलं एकाच पुस्तकासाठी तीन-तीन खेपा घालत, प्रत्येक खेपेला दारातल्या रजिस्टरात सही. आता पहिल्या खेपेला काम होतं. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांच्या पंचसूत्रीतलं चौथं सूत्र, 1931 सालचं. ते पाळल्याचा असा लेखी पुरावा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. समितीत मात्र प्रश्न आला, "वाचक घटलेल्या ग्रंथालयाला पुरस्कार द्यायचा कसा?" मी बराच वाद घातला. पुरस्कार ग्रंथदिंडीला गेला.

बाईंनी केलं त्याला आमच्या शास्त्रात उपलब्धता-अभ्यास म्हणतात. पॉल कँटर या अमेरिकन अभ्यासकाने 1976च्या सुमारास त्याची रीतसर मांडणी केली. वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये चार दारं असतात. पुस्तक विकत घेतलेलं आहे का. असल्यास दुसऱ्याकडे गेलेलं नाही ना. नसल्यास जागेवर लागलेलं आहे का. आणि लागलेलं असल्यास वाचकाला ते सापडतं का. समजा, प्रत्येक दारातून शंभरातले नव्वद जण पार होतात. ऐकायला झकास. पण या टक्क्यांचा गुणाकार होतो: चार दारं ओलांडून पुस्तक हाती पडतं ते फक्त 66 जणांच्या. चौतीस जण रिकाम्या हाती परत जातात आणि बाहेर जाऊन सांगतात, 'तिथं काही मिळत नाही.' संस्थाचालक मग पुस्तकखरेदी वाढवतात. म्हणजे पहिलं दार रुंद करतात. अडचण बाईंकडे होती तशी तिसऱ्या दारात असली तरी.

आता माझा आवडता वाद. संपादकांनी कात्री लावली नाही तर वाचायला मिळेल. पिट्सबर्ग विद्यापीठात अॅलन केंट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1979मध्ये प्रसिद्ध झाला. 1969 साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास 40 टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. तिथल्या प्राध्यापकांनी जोरदार आक्षेप घेतले. आत बसून जे वाचलं जातं त्याचं काय? अभ्यासकांचं म्हणणं, त्याचेही नमुने घेतलेत, चित्र देवघेवीसारखंच आहे. मला ते पूर्ण पटलेलं नाही. आपल्याकडे तर मुळीच पटणार नाही, कारण कोश, गॅझेटियर, स्पर्धा परीक्षांचे ग्रंथ घरी देतच नाहीत, आणि खोलीवर दिव्याखाली जागा नसलेला मुलगा दिवसभर वाचनकक्षातच बसतो. म्हणून 'वाचून झालेलं पुस्तक फळीवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या' अशी पाटी लावायची आणि बंद करताना टेबलावरची पुस्तकं मोजायची. 'कोहा' या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालीत त्यासाठी एक नावापुरता सभासद तयार करता येतो. त्याच्या खात्यावर पुस्तक चढवलं की आतल्या वाचनाची नोंद होते. याला पैशांचीही बाजू आहे. केंद्र सरकारच्या 2017च्या वित्तीय नियमांनुसार, घरी दिलेल्या आणि आत हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी धरतात, त्यात हलगर्जी किंवा लबाडी नसेल तर. आतली हाताळणी मोजलीच नाही तर ही सूट आपण आपल्याच हाताने कमी करून घेतो. हे मी कार्यशाळांत सांगतो तेव्हा मागच्या रांगेत चहाची चर्चा चाललेली असते.

लोकांना मात्र अजून वाटतं, आम्ही ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. "मजा आहे तुमची, एवढी पुस्तकं हाताशी!" हे निवृत्तीच्या समारंभातही ऐकलं.

अर्थात मोजणीला बक्षीस लावायचं म्हटलं की माझाच हात थोडा कचरतो. महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात ग्रंथालयाचा रोजचा वापर विचारत आले आहेत. एका महाविद्यालयात पाहिलेलं रजिस्टर आठवतं: पानभर वेगवेगळी नावं, शाई एक, अक्षराचं वळण एक, ओळी दुपारच्या जेवणानंतर मारल्यासारख्या तिरप्या. उद्या 'उत्कृष्ट मूल्यमापन पुरस्कार' निघाला तर नकारांच्या वह्याही अशाच एका बैठकीत भरल्या जातील. तरी एक फरक उरतो. गर्दीचा आकडा फुगवता येतो. वहीमुळे काय बदललं हे खोटं लिहायचं तर प्राचार्य, परिचर, विद्यार्थी सगळ्यांना सामील करून घ्यावं लागतं.

अमेरिकेत संशोधन ग्रंथालयांची संघटना ग्रंथालय-मूल्यमापनातल्या कारकिर्दीचा वेगळा गौरव करते. याच विषयाला वाहिलेली त्यांची परिषद 2006मध्ये व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला सुरू झाली. आपल्याकडे राज्य शासनाचे पुरस्कार आहेत, ग्रंथालयांसाठी आंबेडकरांच्या नावाचे, कार्यकर्ते आणि सेवकांसाठी रंगनाथनांच्या नावाचे. सेवकांची वेगळी दखल घेतली जाते हे मला फार मोलाचं वाटतं. इतरही संस्थांच्या अर्जांत एवढंच विचारावं: वर्षभरात तुमच्या सेवेतलं काय वाईट आढळलं, कसं आढळलं, आणि मग तुम्ही काय केलंत? पहिल्या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर आलं तर फाइल बाजूला ठेवावी.

बाईंच्या टिपणात आणखी एक ओळ होती. पुस्तकं सकाळी लावली तर निम्मे नकार जातील, हे पहिल्यांदा परिचर बोलला होता. वही भरायलाही तोच बसायचा. आमच्या अर्जात त्याच्या नावाला रकाना नव्हता, आणि पात्रतेच्या अटीत ग्रंथालयशास्त्राची पदवी होती. यंदा त्या अर्जाचा नवा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आलाय. पदवीची अट मी खोडून पाठवली आहे. फोन आला होता, "सर, मग शिपायांचेही अर्ज येतील." म्हटलं, येऊ द्या.