बोटाखालचा मणी

ऑक्टोबर लागला की आमच्या वसईत आळीआळीतल्या क्रुसापुढे संध्याकाळी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू होते. मी ती ऐकतच मोठी झाले. घरात आजीची रोझरी लाकडी मण्यांची होती. हाताच्या तेलाने मणी काळपट, गुळगुळीत झाले होते. तिची प्रार्थना कधी सलग झालेली मला आठवत नाही. केळीची पानं न्यायला माणूस यायचा, सून मीठ कुठे ठेवलंय विचारायची. आजी मण्यावर अंगठा घट्ट दाबून धरायची, समोरच्याशी नीट, पूर्ण लक्ष देऊन बोलायची आणि मग त्याच मण्यापासून पुढे जायची.

या प्रार्थनेचा जन्मच कामकरी माणसांसाठी झाला असं मला वाटतं. मध्ययुगात मठांमधले भिक्षू बायबलमधली 150 स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्याऐवजी प्रभूची प्रार्थना 150 वेळा म्हणू लागले, पुढे तिच्या जागी ‘नमो मारिया’ आली. 1569 मध्ये पोप पायस पाचवे यांनी रोझरीला निश्चित रूप दिलं आणि 2002 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये, म्हणजे मनन करायचे ख्रिस्ताच्या जीवनातले आणखी काही प्रसंग, तिला जोडली.

नोकरी लागल्यावर माझी रोझरी विरार लोकलमध्ये आली. बायकांच्या डब्यात सकाळी एखादा घोळका मोठ्याने रोझरी म्हणतो, शेजारी कुणी मेथी निवडत असतं. मी कोपऱ्यात माझी माळ ओढते. एका हातात माळ, दुसऱ्यात फोन. दुःखाच्या दुसऱ्या रहस्यात ख्रिस्ताला खांबाला बांधून फटके मारतात, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी येतं. मध्यंतरी मी फोनवरची ध्वनिमुद्रित रोझरी लावून पाहिली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण मी नायगावला हरवले तरी ती बोरिवलीपर्यंत आपली पूर्ण होते. मणी तसा नाही. मी थांबले की तो थांबतो, मी परत येईपर्यंत जिथल्या तिथे असतो. म्हणून मी पुन्हा माळेकडे वळले.

देवावर संपूर्ण मनाने प्रेम कर, ही पहिली आज्ञा येशूने सांगितली, आणि त्याच श्वासात शेजाऱ्यावरच्या प्रेमाची दुसरी. संपूर्ण मन म्हणजे रिकामं, निर्विचार मन असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. प्रार्थनेत माणसं आठवली की त्यांना हाकलत बसायचे. आता मला दिसतं की व्यत्यय दोन जातींचे असतात. एक माणसाचा: आईचा गुडघा, मुलीची परीक्षा, भांडून गेलेला भाऊ. हे शेजारी आहेत आणि देवानेच ते समोर उभे केले आहेत. त्यांना मण्यावर घ्यायचं. दुसरा व्यत्यय कुणी तरी माझं लक्ष विकून पोट भरतो त्याचा: सेलच्या सूचना, एकामागून एक सरकणारे व्हिडिओ. त्याला देवाच्या वेळेवर काडीचाही हक्क नाही. वसई रोडला गाडीत चढले की मी फोनच्या सगळ्या सूचना बंद करते, फक्त घरच्यांचे आणि मोजक्या मैत्रिणींचे फोन चालू ठेवते.

त्या मैत्रिणींतली एक माझ्याबरोबर काम करते. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे आणि रात्र जड गेली की ती सकाळी गाडीतच फोन करते. मी माळ थांबवून तो घेते. परवा ती म्हणाली, डॉक्टरांनी आता आठवड्यातून दोनऐवजी तीनदा सांगितलंय, सुट्टी कुठून आणायची? तिच्या मंगळवारच्या पाळ्या मी घेणार आहे. चौथं रहस्य, क्रूस वाहण्याचं, त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याच्या नावाने म्हणते.