बरोबरीसाठी वजीर

बुद्धिबळ स्पर्धेहून परतलेला खेळाडू ‘बरोबरी’ म्हणाला की घरच्यांचा चेहरा पडतो. एवढे तास पटावर बसून हाती काय, तर अर्धा गुण! अशा घरात १८७२ साली व्हिएन्नात झालेला कार्ल हाम्पे आणि फिलिप माइटनर यांचा डाव मांडून दाखवावा.

हाम्पे सरकारी अधिकारी, माइटनर वकील. अणुविभाजनाचा उलगडा करणाऱ्या लीझे माइटनर या फिलिप यांच्याच कन्या.

पांढरी मोहरी हाम्पेची. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवल्यावर त्यानं वजिराकडचा घोडा काढला. हीच व्हिएन्ना ओपनिंग. राजाकडचा घोडा घरीच असल्यामुळे एफ पट्टीतलं प्यादं पुढे रेटायची वाट मोकळी राहते. पण तिसऱ्याच चालीत हाम्पेनं तोच घोडा पुन्हा हलवला, पटाच्या कडेला, माइटनरच्या उंटाच्या अंगावर. सुरुवातीला एकच मोहरं दोनदा हलवू नये, हे शिकाऊ मुलालाही सांगतात. माइटनरनं उंट मागे घेतला नाही. एफ-२ चं प्यादं मारून थेट शह दिला.

तिथून पांढरा राजा जो निघाला तो थेट शत्रूच्या गोटात. नवव्या चालीला माइटनरनं वजीर दिला, मग घोडाही. पांढऱ्याच्या अठरा चालींपैकी बारा एकट्या राजाच्या! तो सहाव्या ओळीत पोचला तेव्हा त्याचा वजीर, दोन्ही हत्ती, एक उंट आणि एक घोडा आपापल्या मूळ घरातून हललेही नव्हते.

सोळाव्या चालीला काळ्यानं बी-७ वर उंट ठेवून शह दिला. उंट फुकटचा दिसतो, पण राजानं तो मारला तर मात ठरलेली. म्हणून राजा बी-५ वर. उंट ए-६ वर, पुन्हा शह. राजा ए-४ वर पळाला तर उंट सी-४ वर येतो आणि प्याद्यानं मात होते. म्हणून राजा परत सी-६ वर, उंट परत बी-७ वर. इथेच डाव बरोबरीत सुटला.

२००५ साली सोफियातल्या स्पर्धेत खेळाडूंनी आपसांत बरोबरी ठरवण्यावर बंदी आली. बारा-पंधरा चालींत हात मिळवून उठणाऱ्यांसाठी ती हवीच होती. माइटनरचा डाव मात्र त्या नियमातही बरोबरीतच सुटला असता, कारण ज्यानं वेगळी चाल केली असती तो हरला असता.

पट मांडा, सोळाव्या चालीपाशी थांबा आणि पांढऱ्या राजानं तो उंट खरोखर मारून बघा.